पोस्टर आपलं, सर्व्हर कुणाचा?

१४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या पोरांचे मोबाइल बघा. बॅनर तयार, रील तयार, मंडळाचा लोगो तयार, मिरवणुकीच्या मार्गाचा नकाशासुद्धा तयार. डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, सोशल मीडिया यात आपली पोरं कुणाला हार जात नाहीत. वेबसाइट बनवणारे, छोट्या दुकानांची पानं करून देणारे, संस्थेचं संकेतस्थळ एका रात्रीत उभं करणारे तरुण आता वस्त्यावस्त्यांत आहेत. याचा आनंद आहे आणि तो असायलाच हवा. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांची नातवंडं कीबोर्डवर बसली आहेत.

पण या आनंदाच्या आड एक प्रश्न आपण सारखा पुढे ढकलतोय. पडद्यावर जे दिसतं ते आपण रंगवतो. ते जिथं साठवलं जातं, जिथं कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरतं, तिथं आपलं कोण आहे?

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. आंबेडकरी घरातला वेब डेव्हलपर जेव्हा सर्व्हरकडचं प्रोग्रॅमिंग शिकायला बसतो, तेव्हा तो फक्त स्वतःचा पगार वाढवत नसतो. तो चळवळीचं काम करत असतो. आणि ते काम चळवळीने त्याच्या एकट्याच्या खिशावर आणि झोपेवर सोडून देणं चूक आहे.

नियम आता कुठं लिहिला जातो?

आधी सर्व्हर म्हणजे काय ते साध्या भाषेत समजून घेऊ. तुम्ही मोबाइलवर एखादा अर्ज भरता आणि 'सबमिट' दाबता. तुमच्या पडद्यावरचं पान ही माहिती दूर कुठंतरी असलेल्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवतं. तो संगणक तुम्ही कोण हे तपासतो, तुमची माहिती नियमात बसते का ते बघतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो किंवा नाकारतो आणि उत्तर परत पाठवतो. तो संगणक म्हणजे सर्व्हर. त्यावर चालणारा कार्यक्रम कुणीतरी माणसाने लिहिलेला असतो. पीएचपी, पायथन, जावा, नोड जेएस ही तो लिहिण्याची साधनं.

पडद्यावरची तपासणी ही सोयीसाठी असते. थोडी माहिती असलेला माणूस ती चुकवू शकतो. म्हणून कुठलाही शहाणा डेव्हलपर खरी तपासणी सर्व्हरवर ठेवतो. अंतिम शब्द सर्व्हरचा.

आता हे आपल्या जगण्याला लावून बघा. संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० साली निघाला. त्यात आधी मुख्यतः हिंदू होते, १९५६ साली शीख आले आणि बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडलं. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षं. त्यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, संसदेत भांडावं लागलं. तो लढा कागदावरच्या एका शब्दासाठी होता. राजपत्रातल्या एका ओळीत 'बौद्ध' हा शब्द यावा म्हणून.

आज तोच शब्द एखाद्या ऑनलाइन अर्जात कसा हाताळायचा, हे कोण ठरवतं? समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' निवडल्यावर जातीच्या यादीत अनुसूचित जातींची नावंच उघडत नाहीत. समजा, दाखल्यावर धर्म एक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरा असेल, तर अर्ज आपोआप 'त्रुटी' म्हणून परत जातो. कायदा तुमच्या बाजूने आहे. राजपत्र तुमच्या बाजूने आहे. पण कोडमधली एक अट तुमच्या विरोधात आहे, आणि ती अट लिहिणाऱ्याला १९९० साली काय झालं हे माहीतच नाही. त्याने मुद्दाम केलं असेल असंही नाही. त्याच्या घरात हा प्रश्न कधी आलाच नाही, एवढंच.

वस्तीत काम करताना मी अशा अर्जांच्या मागे फिरणारे बाप बघतो. कॉलेजचा बाबू म्हणतो, सिस्टिम घेत नाही. समाजकल्याणचा माणूस म्हणतो, वरून आहे. सायबर कॅफेवाला म्हणतो, उद्या या, सर्व्हर डाउन आहे. पूर्वी निदान भांडायला समोर एक टेबल आणि टेबलामागे एक माणूस होता. आता नियम अदृश्य झालाय आणि त्याच्यावर बोट ठेवायला लागणारी भाषा आपल्याकडे नाही.

हे फक्त शिष्यवृत्तीपुरतं नाही. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडणी नाही म्हणून रेशन कार्ड रद्द झालं होतं, महिनोन्‌महिने धान्य मिळालं नव्हतं, ती भुकेने गेली, असं तिच्या आईने सांगितलं. प्रशासनाने मलेरियाचं कारण दिलं. वाद मृत्यूच्या कारणावर झाला. पण यादीतून नाव कसं गेलं, कुठल्या अटीने गेलं, ती अट कुणी मंजूर केली, हे विचारणारे फार थोडे होते. कारण ते विचारायला यादी कशी बनते हे कळावं लागतं.

जात दिसत नाही म्हणणाऱ्या कोडमधला जातीचा रकाना

आयटीतले आपले सवर्ण मित्र एक वाक्य हमखास ऐकवतात: कोडला जात कळत नाही. चांगलं आहे. मग लग्न जुळवणारी संकेतस्थळं बघू.

तिथं नाव नोंदवताना जात विचारतात, पोटजात विचारतात, काही ठिकाणी गोत्रसुद्धा. ही माहिती डेटाबेसच्या एका रकान्यात जाऊन बसते. मग स्थळ शोधणारा माणूस जात निवडतो, बटण दाबतो आणि सर्व्हर क्षणात लाखो नोंदींमधून फक्त त्या जातीची माणसं काढून देतो. 'जातीची अट नाही' हा तिथं एक पर्याय आहे, निवडला तर निवडला.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाच्या बळावर, हा त्या निबंधाचा गाभा. तेव्हा बाबासाहेबांचं वय होतं अवघं २५. त्या काळी हे काम भटजी, जातपंचायत आणि गावातले मध्यस्थ करत. आज तेच काम डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न करतो, जास्त वेगाने, जास्त अचूक आणि महिन्याचे पैसे घेऊन. तंत्रज्ञान आलं की जात आपोआप जाईल, असं सांगणाऱ्यांना हा रकाना दाखवा.

आणि कोड लिहिणाऱ्यांच्या खोलीत जात कळते की नाही, हा प्रश्न तर न्यायालयात गेला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या अभियंत्यांवर दावा लावला. एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाला, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने त्या दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरच्या भेदभावाला बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसंच विधेयक मात्र नाकारलं. दाव्याचा निकाल काय लागेल तो लागो. सातासमुद्रापार, संगणकाच्या राजधानीत, जात या शब्दावर सरकारला कागद करावे लागले, एवढ्यावरून 'कोडला जात कळत नाही' या वाक्याची किंमत ठरते.

छापखाना ज्याचा, शब्द त्याचा

आपल्या परंपरेत ही गोष्ट नवी नाही. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढलं, कारण सत्यशोधकांचं म्हणणं छापायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. त्यानंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेब फक्त लेख लिहून थांबले नाहीत. त्यांनी छापखाना उभा केला.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर वगळा म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी एक अक्षरही बदललं नाही. मंडळाने अधिवेशनच रद्द केलं. पण भाषण मुंबईत छापून तयार होतं. ते त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं आणि १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. छपाई लाहोरच्या हातात असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. व्यासपीठ काढून घेतलं तरी पुस्तक उरलं, कारण छपाई आपल्या हातात होती. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर का उतरले? त्या जुन्या यंत्रांची भंगारात किती किंमत आली असती? लोकांना कळलं होतं की ते यंत्र म्हणजे आपला आवाज आहे.

आज आपला आवाज कुठं आहे? फेसबुक पेजवर, यूट्यूब चॅनलवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर. म्हणजे दुसऱ्याच्या छापखान्यात, दुसऱ्याच्या अटीवर. दहा वर्षं चालवलेलं पेज एका तक्रारीवर बंद पडतं आणि आपण दुसऱ्या पेजवरून निषेध नोंदवतो.

याहून गंभीर गोष्ट आहे माहितीची. अत्याचाराच्या प्रकरणात आपले कार्यकर्ते गावात जातात, पीडितांची नावं, पत्ते, फोन, जबाब गोळा करतात आणि फुकटच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरतात. त्या तक्त्याची लिंक कुणाकुणाला गेली याचा हिशेब नसतो. ज्या बाईने जीव मुठीत धरून आपल्याला सगळं सांगितलं, तिचा पत्ता लिंक हाती लागलेल्या कुणालाही दिसू शकतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांचे हक्क वेगळे मांडले, संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. ती मागणी आपण सरकारकडे करतो. मग आपल्या स्वतःच्या तक्त्याचं काय? कोणाला कुठली नोंद दिसावी, पासवर्ड कसा साठवावा, कोणी कधी काय उघडलं याची नोंद कशी ठेवावी, ही सगळी सर्व्हरकडची कामं आहेत. ती येणारा माणूस आपल्यात असणं ही चैन नाही.

इथं एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. स्वतःचा सर्व्हर घेतला म्हणजे स्वातंत्र्य मिळालं असं होत नाही. जागा भाड्यानेच घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकार संकेतस्थळ बंद करू शकतं. पण संकेतस्थळ आपण बांधलेलं असेल, मजकूर आणि डेटाबेसची प्रत आपल्या हातात असेल, तर उद्या दुसऱ्या जागी तेच पुन्हा उभं राहतं. पेज गेलं तर सगळंच जातं. फरक तेवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

नोड जेएस शिकणारा पोरगा

माझ्या ओळखीचा एक वेब डेव्हलपर आहे. मराठी माध्यम, जिल्ह्याच्या ठिकाणी बीसीए, एका छोट्या कंपनीत बारा हजारांवर काम. दिवसभर वर्डप्रेसच्या थीम बदलतो, रंग बदलतो, मालकाचा फोटो मोठा करतो. रात्री जेवण झाल्यावर नोड जेएस शिकतो. त्याला विचारलं, हेच का? म्हणाला, दादा, जावास्क्रिप्ट येते, तीच भाषा सर्व्हरवर चालते. उत्तर बरोबर आहे. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरची भाषा. २००९ साली रायन डाल याने क्रोम ब्राउझरमधलं व्ही८ इंजिन बाहेर काढून सर्व्हरवर चालवलं आणि नोड जेएस तयार झालं.

नवं काय आहे त्यात? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मदत कक्ष असतो, त्याचं उदाहरण घेऊ. पीएचपीची जुनी पद्धत म्हणजे आलेल्या प्रत्येक माणसामागे एक वेगळा कार्यकर्ता द्यायचा. तो त्याचं काम करतो, निरोप देतो आणि सगळं विसरून मोकळा होतो. गर्दी वाढली की कार्यकर्ते कमी पडतात. नोडची पद्धत वेगळी. टेबलावर एकच कार्यकर्ता बसतो. पहिल्याचं म्हणणं ऐकतो, चिठ्ठी लिहून पोराला पिटाळतो आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्याचं ऐकायला लागतो. चिठ्ठीचं उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. एकटा माणूस मोठी रांग सांभाळतो. पण त्याच टेबलावर कुणी त्याला लांबलचक हिशेब करायला बसवलं की सगळी रांग थांबते. म्हणून भरपूर ये-जा असलेल्या कामाला नोड चांगलं आणि जड आकडेमोडीला ते सांभाळून वापरावं लागतं. अशी ही साधनं, प्रत्येकाचा गुण आणि प्रत्येकाची मर्यादा. यात दैवी काही नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आयटीच्या जगातही भक्त असतात. पीएचपी मेलं, आता नोड. नोड जुनं झालं, आता आणखी काही. प्रत्यक्षात ज्या संकेतस्थळांची सर्व्हरची भाषा ओळखता येते, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणी आजही पीएचपीच आहे. वर्डप्रेस पीएचपीत आहे, विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत आहे. आणि नोडचा कर्ता रायन डाल याने २०१८ साली बर्लिनच्या परिषदेत उभं राहून नोड बनवताना आपल्या कोणत्या दहा गोष्टी चुकल्या याचं भाषण केलं आणि दुसरं साधन पुढे ठेवलं. कर्ताच म्हणतो चुकलं, तर आपण पोथी कशाला करायची? कालाम सुत्त वाचलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही. गुरूने सांगितलं म्हणून नाही, सगळे करतात म्हणून नाही. तपासून बघ, उपयोगी ठरलं तर घे.

आणखी एक उदाहरण. नोडमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेले छोटे तुकडे फुकट उचलून वापरायची सोय आहे. मार्च २०१६ मध्ये अशा एका तुकड्याच्या मालकाने वादातून तो काढून घेतला. तुकडा जेमतेम ११ ओळींचा. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. पण त्यावर हजारो प्रकल्प उभे होते. जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचं काम काही तास अडकलं. उसनं घेताना काय घेतोय हे कळलं पाहिजे, हा धडा तंत्रज्ञानाचा आहे आणि चळवळीचाही.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप आपल्याच ज्येष्ठांचा. 'ही करिअरवाली पोरं. चळवळीला रस्त्यावरची माणसं लागतात.' ज्येष्ठांचा मान राखून विचारतो: बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. तेव्हा रस्त्यावरचे प्रश्न संपले होते का? रस्ता लागतोच. पण मोर्चा ज्या खिडकीवर जायचा ती खिडकीच आता सर्व्हरवर गेली असेल, तर निवेदन कुणाला देणार? निवेदनात 'सिस्टिम सुधारा' असं मोघम लिहिण्यापेक्षा कुठल्या रकान्यात कुठली अट चुकली आहे ते नेमकं लिहिणारा माणूस सोबत असेल, तर अधिकाऱ्याला पळवाट राहत नाही.

दुसरा आक्षेप मेरिटवाल्यांचा. 'शिका ना, कोणी अडवलंय? सगळं फुकट आहे इंटरनेटवर.' होय, साधनं फुकट आहेत. नोड फुकट, पायथन फुकट, पोस्टग्रेस डेटाबेस फुकट, लिनक्स फुकट. शिकायला लागणारी शांत खोली फुकट नाही. दहा बाय दहाच्या घरात पाच माणसं, एक लॅपटॉप, तोही हप्त्यावर. ज्याचा मामा कंपनीत आहे त्याला कुठलं शिकावं हे जेवणाच्या ताटावर कळतं. आपल्या पोराला ते कळायला दोन वर्षं आणि दोन फसवे क्लास लागतात. शिवाय खासगी आयटीत आरक्षण नाही. तिथं ओळखीने शिफारस चालते आणि ओळख जातीतून येते. बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय की जातीने कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच वाटली. आजही बघा, डेटा एंट्री, कॉल सेंटर, केबल ओढणं, मशीन बसवणं यात आपली पोरं सहज भेटतात. यंत्रणेचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो तिथं शोधावी लागतात. ही वाटणी बुद्धीने झालेली नाही.

तिसरा आक्षेप ताजा आहे. 'आता एआय कोड लिहितं, शिकून काय उपयोग?' २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हे रोज ऐकतोय. एआय कोड लिहितं, मान्य. पण ते कोड बरोबर आहे हे कोण बघणार? वरचंच शिष्यवृत्तीचं उदाहरण घ्या. एआयने अर्जाची तपासणी लिहून दिली आणि त्यात बौद्ध विद्यार्थी वगळला गेला, तर ती ओळ वाचून 'हे चूक आहे' म्हणायला कोड वाचता यावं लागतं आणि १९९० ची दुरुस्तीही माहीत असावी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असलेला माणूस आपल्यातूनच तयार होणार. आपल्याकडे छपाईयंत्र आलं. म्हणून वाचायला शिकणं कुणी सोडलं नाही. ज्यांनी सोडलं त्यांच्या वतीने दुसरेच वाचत राहिले.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, धंदा आहे. 'तीन महिन्यांत फुल स्टॅक, शंभर टक्के नोकरी.' अशा फलकांखाली आपल्या आयाबायांनी बचत गटातून काढलेलं कर्ज बुडालंय. तिथं एका प्रकल्पाची नक्कल करायला लावतात आणि प्रमाणपत्र देतात. मुलाखतीत डेटाबेसचा साधा प्रश्न विचारला की पोरगं गप्प. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: डेटाबेस किती दिवस शिकवणार, सर्व्हरवर प्रकल्प स्वतःच्या हाताने चढवायला लावणार का आणि मागच्या तुकडीतल्या पाच मुलांशी बोलता येईल का. उत्तर टाळलं तर उठून या.

मग करायचं काय?

शिकणाऱ्यासाठी आधी. जे येतं त्याच्या जवळचं साधन निवडा. जावास्क्रिप्ट येते तर नोड, वर्डप्रेस येतं तर पीएचपी नीट शिका आणि मग लॅराव्हेल, काहीच येत नसेल तर पायथन आणि जँगो. निवडलं की वर्षभर हलू नका. त्याच्याही आधी दोन गोष्टी पक्क्या करा: ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते एचटीटीपी, आणि डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल. एसक्यूएलची पायाभरणी १९७० च्या दशकातली आहे. तिच्यासमोर कितीतरी फॅशन आल्या आणि गेल्या, ती अजून उभी आहे. त्यानंतर सुरक्षितता. बाहेरून आलेल्या माहितीवर कधी विश्वास ठेवायचा नाही, पासवर्ड उघडा साठवायचा नाही, बॅकअप घेतल्याशिवाय झोपायचं नाही.

इंग्रजीला घाबरू नका. नोडची किंवा पायथनची अधिकृत माहिती वाचायला शेक्सपियर लागत नाही. तेच ते चारपाचशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एक पान, शब्दांची वही, दोन महिन्यांत वाट मोकळी होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो साहेब होण्यासाठी नव्हता. ज्ञानाच्या दारावरचा पहारेकरी चुकवण्यासाठी होता. मात्र तुम्ही आत गेलात की मराठीत टिपणं लिहा. मागून येणाऱ्याला दार परत बंद सापडू नये.

आणि सराव खोट्या दुकानाच्या वेबसाइटवर करू नका. आपल्या कामावर करा. विहाराच्या ग्रंथालयाची पुस्तक नोंद. वस्तीतल्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचा माग: कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर, किती दिवस अडकलाय. अशा शंभर अर्जांची नोंद एकत्र झाली की एकेका बापाची तक्रार राहत नाही, पुरावा तयार होतो.

आता मंडळांसाठी, विहार समित्यांसाठी, कर्मचारी संघटनांसाठी. जयंतीचा उत्सव व्हायलाच हवा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण एका रात्रीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो त्यात काही जुने लॅपटॉप येतात, हे हिशेबाच्या वहीत स्वतः बघा. एक छोटा सर्व्हर महिन्याला काही शे रुपयांत भाड्याने मिळतो. डोमेनचं नाव वर्षाला हजाराच्या आसपास. विहाराची खोली रात्री आठनंतर बहुधा रिकामीच असते. तिथं चार टेबलं, इंटरनेट आणि एक पंखा लावा. मुलींसाठी वेळ आधी ठरवा, उरलेली मुलांना द्या. रात्री उशिरा घरी परतणं मुलींना अवघड जातं आणि मग 'मुली येतच नाहीत' म्हणायला आपण मोकळे होतो. आयटीत नोकरी करणाऱ्या आपल्या ताई-दादांकडून वर्गणी घेता, आता आठवड्याचे दोन तास मागा. पैसे देऊन सुटका करून घेणं त्यांनाही सोपं वाटतं. ते सोपं राहू देऊ नका.

आणि पोरगा तयार झाला की त्याला फुकट राबवू नका. 'समाजाचं काम आहे, पैसे काय मागतोस' हे वाक्य चळवळीत बंद झालं पाहिजे. मंडपवाल्याला देता, बॅनरवाल्याला देता, मग संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला का नाही? श्रमाची किंमत न देणारी व्यवस्था आपण चांगली ओळखतो. ती आपल्या कार्यालयात नको.

'शिका' हा आपल्या घोषणेतला पहिला शब्द. तो आपण भिंतीवर रंगवला, बॅनरवर छापला, स्टेटसला ठेवला. त्यात काय शिकायचं हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावं लागतं. आजोबांच्या पिढीने सही शिकली, म्हणून सावकाराचा अंगठा सुटला. वडिलांच्या पिढीने कायदा आणि सरकारी टिपणी शिकली, म्हणून फाइल पुढे सरकली. आताची फाइल सर्व्हरवर आहे. ती उघडून वाचणारी, चुकीची ओळ दाखवणारी आणि बरोबर ओळ लिहिणारी पोरं-पोरी या वर्षीच्या जयंतीच्या बैठकीत नावानिशी निवडा. मिरवणुकीचा मार्ग ठरवायच्या आधी.

जय भीम!